यादीत नसलेली मैत्रीण

सात नंबरच्या बसमध्ये पुढच्या दाराजवळ घडी घालून ठेवायची एक खुर्ची होती. ती खास बसमावशीसाठी बसवलेली. पण चौदा वर्षांच्या नोकरीत ती त्या खुर्चीवर सलग दहा मिनिटं टेकली असेल, असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. बस सुटली की तिची फेरी सुरू व्हायची. कुणाचा पट्टा लागलेला नाही, कुणाची बाटली गळतेय, कुणाच्या पोटात ढवळतंय, कुणी पुढच्या मुलीच्या वेणीत पेन्सिल खोचलीय. मागच्या बाकापर्यंत जायचं, तिथून पुढे यायचं, येताना मनातल्या मनात डोकी मोजायची. बत्तीस भरली की परत मागे.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. मुलं तिला मावशी म्हणत, त्यांचे आईवडील बसमावशी म्हणत आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला ड्रायव्हर ताई म्हणे. या नोकरीआधी वीस वर्षं ती एका कारखान्यात शर्टांना कॉलर लावत होती. कारखाना बंद पडला तेव्हा मुलगी कॉलेजात होती आणि नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारणीनं सांगितलं, शाळेला बससाठी बाई हवीय. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "मुलांचा गोंगाट सहन होईल ना?"

"दीडशे मशिनींचा सहन केलाय," ती म्हणाली. "मुलं निदान मध्येमध्ये श्वास घ्यायला थांबतात."

दुसऱ्याच दिवशी ती कामावर रुजू झाली.

या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यादी. प्रत्येक मुलापुढे दोन-तीन नावं लिहिलेली असायची, स्टॉपवर त्याला उतरवून घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची. यादीबाहेरच्या माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ पहिलीतल्या मुलीला न्यायला आले. म्हणाले, मी हिचा मामा. त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, घरातलं लाडाचं नाव सांगितलं, गुडघ्यावरची टाक्याची खूण कुठून आली तेही सांगितलं. मुलगीही म्हणाली, हो, माझाच मामा. मावशीनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि बसचं दार लावून घेतलं. मुलगी बसबरोबर शाळेत परत गेली. तो खरोखरच मामा होता, परगावाहून भाचीला भेटायला आलेला. घरच्यांनी मावशीला चांगलंच धारेवर धरलं. पोरगी स्वतः सांगतेय तरी तुम्हाला पटत नाही म्हणजे काय, असं तिच्या आईनं विचारलं.

"ज्याला फसवायचंय तोही आधी सगळी माहिती काढूनच येईल," मावशी म्हणाली. "आणि पहिलीतल्या पोरीला तो मामाच वाटेल."

मोठ्या बाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तेव्हापासून सात नंबरची मावशी यादीच्या बाबतीत सख्ख्या भावालाही ओळखत नाही, अशी तिची ख्याती झाली.

बसमधल्या बाईला एक गोष्ट आपोआप मिळते. मुलं घरी बोलत नाहीत, वर्गात बोलू शकत नाहीत. मग सगळं बोलणं बसमध्ये होतं. मावशीच्या कानावर वर्षानुवर्षं तेच यायचं, कोण कुणाशी कट्टी, कुणाच्या घरी मांजर व्याली, कोणत्या बाई मारकुट्या. पण गेल्या पाच-सहा वर्षांत बोलण्याची भाषाच बदलली. लेव्हल, स्किन, सर्व्हर, सबस्क्राइब. दुसरीतली पोरं असं बोलत जणू त्यांची कुठल्याशा परदेशी कंपनीत नोकरी आहे. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तिच्या फोनचा उपयोग मुलीशी बोलायला आणि नातीचे फोटो बघायला.

दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या दोघांनी दप्तरात लपवून फोन आणला होता. मागच्या बाकावर ते काहीतरी बघत होते आणि मध्ये बसलेलं पहिलीतलं पोर थरथर कापत होतं. फाटक्या तोंडाची बाहुली झोपलेल्या मुलांच्या खोलीत शिरते, असलं काहीतरी. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं अख्ख्या बससमोर दोघांना असं झापलं की ड्रायव्हरनंही आरशातून पाहिलं. फोन जप्त केला, शाळेत दिला, पालकांना बोलावणं गेलं. ती समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून बस गप्प. अगदी शांत असं नाही, पण मावशी जवळ आली की कुजबुज थांबायची आणि एखादं पोर मोठ्यानं म्हणायचं, "अरे, गणिताचा तिसरा प्रश्न जमला का तुला?" ती चार पावलं पुढे गेली की मागे पुन्हा खसखस. असे दोन महिने गेले. गणिताच्या तिसऱ्या प्रश्नाचं इतकं कौतुक त्या शाळेत ना आधी झालं होतं, ना नंतर झालं.

तिला ते लागलं. एका संध्याकाळी तिनं फोनवर मुलीला सांगितलं.

"आई, तू त्या पोरांना विचारलंस का, ते बघत होते ते त्यांना कुठे सापडलं?" मुलीनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? समोर दिसत होतं."

"आणि त्या लहानग्याला? त्याला नंतर झोप लागली का?"

 त्या लहानग्याशी मावशी एक अक्षर बोलली नव्हती. ओरडण्याच्या नादात तो राहूनच गेला होता.

मग तिनं वागणं बदललं. ते एका दिवसात झालं नाही. आधी ती नुसती विचारू लागली. हा घरं बांधायचा खेळ म्हणजे काय गं? त्यात तुम्ही दोघी एकमेकींना दिसता कशा? मुलांना मजा वाटायची. मावशीला साधं लॉगइन माहीत नाही, यावर आठवडाभर हशा चालला. एका पोरीनं तिला वहीच्या कागदावर चित्र काढून सगळं समजावलं: हे माझं घर, हा बोलायचा चौकोन, इथे कुणीही लिहू शकतं.

"कुणीही म्हणजे?"

"म्हणजे कुणीही. जगातलं."

मावशीनं तो कागद घडी घालून यादीच्या फायलीत ठेवला.

तिसरीत एक मुलगी होती. डाव्या बाजूला, चौथ्या रांगेत, खिडकीशी बसायची आणि शाळेपासून घरापर्यंत ढगांकडे बघत जायची. मावशीनं तिचं नाव ढगी ठेवलं होतं आणि ते तिला आवडायचं. वडील मालवाहू जहाजावर, सहा सहा महिने घराबाहेर. आई इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर कामाला. दुपारी न्यायला आजोबा यायचे, गुडघ्यांमुळे हळूहळू चालत, पण बसच्या आधी पाच मिनिटं हजर.

दुसरं सत्र सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. ढगीनं एक दिवस विचारलं, "मावशी, आपली बस माझ्या स्टॉपवर किती वाजता येते?"

"चारला वीस कमी."

"बरोब्बर?"

"सिग्नल लागला तर दोन मिनिटं इकडेतिकडे."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, स्टॉपचं नाव पाटीवर कसं लिहितात. तिसऱ्या दिवशी ती ढगांकडे बघतच नव्हती. प्रत्येक स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांकडे मान वळवून बघत होती. मावशी तिच्या रांगेशी आली तेव्हा ढगी शेजारणीच्या कानात बोलत होती. शेजारणीचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि तिला हळू बोलता येत नसे.

"तुझी बेस्ट फ्रेंड मी आहे ना पण?" शेजारीण म्हणाली.

"तू शाळेतली. ती खेळातली."

"तिचा फोटो दाखव मग."

"तिचा कॅमेरा बिघडलाय. माझा आहे तिच्याकडे, गणवेशातला. आता तिला अजून एक हवाय, मी एकटी असताना काढलेला. पण ते सांगायचं नाही कुणाला, ते आमचं सीक्रेट आहे."

 ओरडण्याचे शब्द मावशीच्या तोंडापर्यंत आले होते. तिनं बाकाची दांडी घट्ट धरली आणि ते गिळले. मागच्या बाकापर्यंत गेली, डोकी मोजली, एक कमी आलं, पुन्हा मोजली, बरोबर आली. मग परत येऊन समोरच्या रिकाम्या जागेवर बसली. दात पडलेलीचा स्टॉप आधीचा होता. ती उतरेपर्यंत थांबली.

"ढगे, सरक जरा," ती म्हणाली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. "मला तुझ्या खेळातल्या मैत्रिणीबद्दल सांगशील? मला तो खेळ अजून नीट समजलेला नाही."

ढगीनं आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. राग शोधत होती. तो दिसला नाही, तेव्हा बोलू लागली. मैत्रीण नऊ वर्षांची. तिचं घर गुलाबी, तिच्याकडे पंखवाला घोडा. तो तिनं ढगीला भेट दिला, असाच. रोज विचारते, आज दिवस कसा गेला. बाबा कधी येणार विचारते. आई किती वाजता येते विचारते.

"आणि बसची वेळ तिलाच हवी होती का?"

"ती मला लांबून बघणार आहे. सरप्राइज."

"बरं. दुसऱ्या फोटोचं काय म्हणाली?"

ढगी नखानं बाकाचं कव्हर कुरतडू लागली. "म्हणाली, नाही पाठवलास तर पहिला फोटो सगळ्यांना दाखवीन आणि घोडा परत घेईन." मग एकदम रडू फुटल्यासारखा आवाज झाला. "आईला नको सांगू. ती टॅब काढून घेईल."

इथे मावशीला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. नाही सांगत म्हणायचं आणि मुलगी उतरली की आजोबांना गाठायचं. तिनं तसं केलं नाही.

"मी आईला सांगणार आहे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू तुझ्याशी. पण तुझ्या पाठीमागे नाही सांगणार. तू बरोबर असशील आणि मी तुझ्या बाजूला बसेन. तू काही वाईट केलेलं नाहीस. हे मी तुझ्या आईसमोरही म्हणेन."

ढगीनं बाकाचं कव्हर सोडलं. मग म्हणाली, "माझ्याच बाजूला बसशील ना? आईच्या नाही?"

"तुझ्याच."

स्टॉप आला. मावशी आधी खाली उतरली आणि फुटपाथवर दोन्हीकडे नजर फिरवली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई, सायकल पुसणारा एक माणूस आणि आजोबा. तिनं ढगीचा हात आजोबांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "सरळ घरी जा, वाटेत कुठे थांबू नका. टॅब तिच्या हाती देऊ नका आणि त्यातलं काही पुसूही नका. तिच्यावर रागावू नका. पोरांना सोडून पाच वाजता मी घरी येते. तिच्या आईला जमलं तर लवकर बोलवा."

"झालं काय पण?" आजोबांचा चेहरा उतरला. "ती तर माझ्यासमोर सोफ्यावर बसून खेळते."

"समोर बसूनच झालंय, आजोबा. तुमची चूक नाही. मलाही आत्ता कळलं."

बसमध्ये अजून अकरा मुलं होती. ती सगळी यादीप्रमाणे पोचवून, मागचं बाक तपासून, राहिलेली एक टोपी उचलून मावशी पाच वाजता ढगीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचली. ड्रायव्हर खाली गाडीत थांबला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर होतं. आई इस्पितळातला पांढरा कोट न काढताच बसली होती आणि टॅब तिच्या हातात होता. तिनं वाचायला सुरुवात केली होती. ढगी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. मावशी आत आली, आईला नमस्कार केला आणि सांगितल्याप्रमाणे आधी ढगीपाशी गेली. तिला घेऊन भिंतीकडच्या दिवाणावर बसली.

"मावशी, तुम्ही तरी सांगा," आईचा आवाज चढला होता. "कितीदा बजावलं होतं हिला मी. अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. बोलायचं नाही. बोलायचं नाही."

"ती अनोळखी नव्हती," ढगी खाली बघून म्हणाली. "ती मला रोज विचारायची दिवस कसा गेला म्हणून."

 आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मग आई एकदम उठली. "सगळं उडवून टाकते. हा खेळच ठेवत नाही घरात."

"थांबा," मावशी म्हणाली. "मला यातलं फार कळत नाही. पण आत्ता उडवलंत तर उद्या कुणाला काय दाखवणार? मैत्रीण म्हणवणारा हा जो कुणी आहे, तो उद्या दुसऱ्या पोरीला घोडा देईल."

आईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. बसमधली बाई आपल्याला आपल्याच घरात शिकवतेय, हे तिच्या मनात आलं असणार; मावशीला ते दिसलंही. पण टॅब टेबलावर ठेवला गेला.

मावशीनं शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन लावला. सर तरुण होते आणि घाईत बोलायचे, पण त्या दिवशी एकेक वाक्य सावकाश सांगितलं. त्याला काहीही उत्तर देऊ नका, रागाचं तर मुळीच नाही. सगळ्या संदेशांचे फोटो काढून ठेवा, त्याच्या नावासकट, तारखेसकट. ते झालं की खेळातच तक्रारीचं बटण असतं, तिथे तक्रार करा. मग त्याला ब्लॉक करा. आणि सकाळी पोलिसांकडे जा, सायबरच्या विभागात. मी मोठ्या बाईंना आत्ताच कळवतो.

आईनं फोटो काढले. एकूण त्रेसष्ट निघाले. शेवटचा काढून झाल्यावर ती ढगीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. दिवाणावर जागा तशी कमीच होती. तिनं ढगीला मांडीवर ओढून घेतलं आणि विचारलं, "आज दिवस कसा गेला तुझा?" ढगी इतकी रडली की मावशीला पाणी आणायला उठावं लागलं.

सकाळी पोलिसांकडे जाताना ढगी म्हणाली, मावशी हवी. मोठ्या बाईंनी सात नंबरच्या बसवर दुसऱ्या बाईची सोय केली. चौदा वर्षांत मावशीनं पहिल्यांदा सकाळची फेरी चुकवली आणि वाटेत तीनदा घड्याळ पाहिलं. चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई साध्या कपड्यांत होत्या. त्यांनी ढगीपुढे कोरे कागद ठेवले आणि घोड्याचं चित्र काढायला सांगितलं. चित्र निम्मं होईपर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नंतरचे प्रश्न सोपे होते. शेवटी त्यांनी आईला सांगितलं, "संदेश ठेवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक घाबरून आधी सगळं पुसतात आणि मग आमच्याकडे येतात."

"आणि तो फोटो?" आईनं विचारलं.

"खेळाच्या कंपनीला आम्ही लिहितोय. ते खातं बंद होईल. फोटो कुठेच जाणार नाही अशी शपथ मी घेऊ शकत नाही, ताई. पण गणवेशातला साधा फोटो आहे. आणि तिला आता माहीत आहे की त्यावरून कुणी धमकावलं तर कुणाकडे यायचं. त्या माणसाची सगळी ताकद तिच्या गप्प बसण्यात होती. ती आता गेली."

पुढचे पाच आठवडे ढगीसाठी बस दुसऱ्या स्टॉपवर थांबायची आणि तिथे एक साध्या वेषातला पोलीस पेपर वाचत उभा राहायचा. पेपर आदल्या दिवशीचा असतो, हे फक्त मुलांच्या लक्षात आलं. सहाव्या आठवड्यात अधिकारी बाईंचा फोन आला. तो माणूस दुसऱ्या शहरात सापडला होता. चाळिशीचा, एकटा राहणारा. त्याच्याकडे अकरा मुलांशी चाललेलं बोलणं मिळालं होतं. त्यातली ढगीखेरीज आणखी दोन याच शाळेतली निघाली आणि एक तर सात नंबरच्याच बसमधली, ढगीच्या मागे तीन रांगा सोडून बसणारी. तिनं कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा मावशीला आनंदापेक्षा धक्काच जास्त बसला. रोज मोजलेल्या बत्तीस डोक्यांतलं एक डोकं असलं ओझं घेऊन बसत होतं आणि तिच्या मोजणीत ते बसलंच नव्हतं.

मोठ्या बाईंनी पालकांची सभा बोलावली आणि मावशीला बोलायला सांगितलं. तिनं आधी हात झटकले. "मी सातवीपर्यंत शिकलेली. सर आहेत की."

"सर बटणं सांगतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "बसमध्ये काय झालं ते तुम्ही सांगा. मुलीचं नाव न घेता."

सभागृह भरलं होतं. मावशी माइकपासून हातभर लांब उभी राहिली, त्यामुळे पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. सरांनी माइक पुढे सरकवला.

"मी मुलं पोचवते," ती म्हणाली. "माझ्याकडे यादी असते. यादीत नसलेल्या माणसाला मी मूल देत नाही, मग तो किती का गोड बोलेना. इथल्या काही जणांनी त्यावरून मला शिव्याही घातल्यात." मागून हसू आलं. "मला वाटायचं, मूल घरात गेलं, दार लागलं, माझं काम संपलं. पण त्या टॅबमधून कुणीही आत येत होतं आणि तिथे यादी धरून कुणीच उभं नव्हतं. तुम्ही नव्हता, मी नव्हते. आपल्याला ते दार आहे हेच माहीत नव्हतं."

एक वडील उभे राहिले. "म्हणजे मुलांना फोन देऊच नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून मी पोरांना घरात कोंडत नाही, हात धरून रस्ता ओलांडते. मला एवढंच सांगायचंय की मूल तुमच्याकडे काहीतरी सांगायला आलं, तर पहिली दोन मिनिटं ओरडू नका. मी एकदा ओरडले होते. अख्खी बस दोन महिने माझ्याशी बोलली नाही. त्या दोन महिन्यांत काय काय माझ्या कानावर यायचं राहिलं, ते मला आजही माहीत नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण नंतर सरांच्या टेबलापुढे रांग लागली. खेळातलं बोलणं फक्त ओळखीच्यांपुरतं कसं ठेवायचं, फोटोची परवानगी कुठून बंद करायची, ते ज्याच्या त्याच्या फोनवर सरांनी दाखवलं. एका जोडप्याला आपल्याच मुलाचा पासवर्ड माहीत नव्हता. मुलानं तो तिथल्या तिथे सांगितला आणि दोघंही लाजले. आजोबाही आले होते. त्यांनी वहीत नंबर घालून सगळं लिहून घेतलं आणि घरी जाऊन नातीबरोबर एक यादी केली: खेळात कुणाशी बोलायचं त्यांची. चार नावं झाली. चौथं आजोबांचं स्वतःचं होतं, कारण त्यांनीही खातं उघडलं होतं.

ढगी लगेच पूर्वीसारखी झाली नाही. काही दिवस ती खिडकीशी बसायला नाही म्हणाली आणि मावशीनं तिला आपल्या घडीच्या खुर्चीमागची जागा दिली. परीक्षेच्या सुमारास एका सकाळी ती आपणहून डावीकडच्या चौथ्या रांगेत गेली. मागच्या रांगेतल्या त्या दुसऱ्या मुलीलाही तिनं पुढे बोलावून घेतलं. दोघींत काय बोलणं झालं ते मावशीनं ऐकलं नाही. मुद्दाम पुढे निघून गेली.

नव्या वर्षी मोठ्या बाईंनी सगळ्या बसमधल्या बायकांना एकत्र बसवलं आणि मावशीला शिकवायला सांगितलं. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाली, "फेरी मारताना एकेका पोराशेजारी एक मिनिट बसा. विचारा, आज पडद्यावर काय पाहिलंस. हसू आलं ते विचारा, भीती वाटली ते विचारा. उत्तर कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. पोरांना समजावून सांगायला आवडतं." नऊ नंबरच्या बाईनं विचारलं, इतकं सगळं ऐकत बसलो तर डोकी कधी मोजायची. "ऐकता ऐकता," मावशी म्हणाली, "मोजली जातात."

मुलांनी तिला खेळात घर बांधून दिलं. आधी तिनं स्वतः बांधलं होतं, त्याला दार ठेवायचं राहिलं होतं आणि ती चार दिवस आतच अडकली होती. आता तिला लॉगइन येतं, चौकोनात लिहिताही येतं, फक्त अक्षरं शोधायला वेळ लागतो, तोवर मुलं दुसऱ्याच विषयावर गेलेली असतात.

परवा पहिलीतला एक छोटा, बसमध्ये येऊन जेमतेम आठवडा झालेला, तिच्या ओढणीचं टोक ओढून म्हणाला, "मावशी, मला काल गाणं बघताना मध्येच एक घाणेरडं चित्र दिसलं. मी पटकन बंद केलं."

मावशी त्याच्याशेजारी बसली. "बरं केलंस. भीती वाटली?"

"थोडी. मला वाटलं, मीच काहीतरी दाबलं."

"नाही रे. ते आपोआप येतं कधी कधी. तुझी चूक नाही. बाबांना सांगितलंस?"

"ते ओरडतील."

"ओरडतील असं मला नाही वाटत. सांगून बघ, मी आहे इथे."

त्याचा स्टॉप आला. वडील फुटपाथवर उभे होते, यादीतलं पहिलंच नाव. पोरगं खालच्या पायरीवर थांबलं, एक हात मावशीच्या हातात, आणि तिथूनच सगळं सांगायला लागलं, घाईघाईत, अर्धी वाक्यं गाळून. मागे गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून त्यांना थांबायची खूण केली. वडील आधी गोंधळले, मग गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले आणि म्हणाले, "पुन्हा सांग, मला नीट ऐकू नाही आलं."